कडेवरचं मूल

"ताई, कडेवर घेऊन येणार असाल तर चालेल," केंद्राध्यक्ष म्हणाले आणि स्वतःच हसले. माझी लेक नऊ वर्षांची, वजन सत्तावीस किलो. तिने मात्र ते खरं धरलं आणि हात वर केले. मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या आईची कंबर मोडेल."

20 नोव्हेंबर 2024, विधानसभेचं मतदान, सांगलीतली एक शाळा, सकाळचे पावणेआठ. आठवडाभर आधी शाळेने मुलांकडून घरी संकल्पपत्रं पाठवली होती: आम्ही मतदान करू, पालकांची सही. लेकीने सही करून घेतली आणि मग अट घातली की तुम्ही खरंच करता का ते मी बघायला येणार. म्हणून आणली होती.

केंद्राध्यक्षांचं बोलणं निव्वळ थट्टेचं नव्हतं. मतदान केंद्रात कुणाकुणाला सोडायचं, याची यादी 1961 च्या निवडणूक संचालन नियमांतच आहे. मतदार, कर्मचारी, उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी, अंध किंवा अपंग मतदाराचा सोबती वगैरे. त्याच यादीत एका ओळीत मतदाराच्या कडेवरचं मूलही आहे. म्हणजे ज्याला काही कळत नाही, त्याला आत प्रवेश. कळायला लागलं की बाहेर. बऱ्याच केंद्रांवर याकडे काणाडोळा होतो, आई-बापाचं बोट धरून मुलं आत जातात. हे केंद्राध्यक्ष नियमाचे निघाले. पण माणूस चांगला. व्हरांड्यातल्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथून सगळं दिसतं बघ, बाळ."

खरंच सगळं दिसत होतं. वर्ग दुसरीचा असावा, भिंतीवर पाढे, फळ्याच्या कोपऱ्यात पुसायचं राहून गेलेलं 'उपस्थिती 31'. बाकं एका बाजूला रचलेली आणि शिक्षकांच्या टेबलामागे दुसऱ्याच कुठल्यातरी शाळेतले शिक्षक, आज मतदान अधिकारी. पहिल्याने माझी चिठ्ठी आणि ओळखपत्र पाहिलं, यादीतला क्रमांक आणि नाव खणखणीत वाचलं. भिंतीलगत बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींनी आपापल्या यादीवर खूण केली. खिडकीतून लगेच प्रश्न आला, "आई, तुझं नाव एवढ्या मोठ्यांदा का वाचलं?" उत्तर द्यायची ती जागा नव्हती. रात्री सांगितलं: मी मीच आहे ना, हे त्या बाकावरच्या माणसांना तपासता यावं म्हणून. कुणाला शंका आली तर तो तिथल्या तिथे दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. दोन रुपयांत आईवर आक्षेप घेता येतो, ही गोष्ट तिला भयंकर आवडली.

दुसऱ्या टेबलावर सही आणि शाई. डाव्या हाताची तर्जनी पुढे केली, नखापासून खाली बोटावर एक रेघ. ही शाई म्हैसूरच्या कारखान्यात होते, 1962 पासून देशभर तीच. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. ते कातडीवर बसतं आणि उजेड लागला की काळं पडतं. नखावरची तर नख वाढेल तेव्हाच जाते. तिसऱ्याने माझी चिठ्ठी घेतली, बोट बघितलं आणि समोरच्या यंत्रावरचं बटण दाबलं. त्याने ते दाबल्याशिवाय आतलं मतदानाचं यंत्र मत घेतच नाही. एकदा दाबलं की एकच मत. म्हणजे एवढ्या सगळ्या खटाटोपात त्या खोलीचा मालक कोण असेल, तर तो बटणवाला तिसरा.

आणि मग पुठ्ठा. तीन बाजूंनी आडोसा केलेला, कोपऱ्यात, मुद्दाम खिडकीपासून लांब ठेवलेला. म्हणजे नाव, सही, बोट, सगळं उघड, चार लोकांदेखत, मोठ्या आवाजात. त्यानंतरची पावलं मात्र कुणालाच दिसायची नाहीत. बटण दाबलं. शेजारच्या यंत्राच्या काचेआड कागदाची चिठ्ठी उजळली. ती सात सेकंद दिसते, मग तुटून खाली पडते. मी मनातल्या मनात सात मोजले. सात सेकंद किती लांब असतात ते तिथे कळतं. मग लांबलचक बीप.

"बीप ऐकू आला, पण तू काय केलंस ते दिसलंच नाही," लेक तक्रारीच्या सुरात म्हणाली.

मला 1989 आठवलं. नोव्हेंबरमधली लोकसभेची निवडणूक. त्याच वर्षी मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं होतं आणि आमच्या वाड्यातला एक दादा त्या आनंदात नवी पँट घालून निघाला होता. मी सहा वर्षांची, बाबांच्या कडेवर. तेव्हा कागदी मतपत्रिका. बाबांनी आडोशाला जाऊन बाणांच्या फुलीचा शिक्का मारला, ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये अशी घडी घातली आणि पेटीच्या फटीत ती मला टाकू दिली. तो कागद आत पडल्याचा आवाजसुद्धा आठवतो. पण शिक्का कुठल्या चिन्हावर बसला, तेही मी पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला सांगून मोकळी झाले. खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्या पक्षाच्या चिठ्ठ्या वाटत फिरत होते. बाबांचा त्यांच्याकडचा रोजचा चहा संक्रांतीपर्यंत बंद होता.

तेव्हा कडेवरच्या मुलाला काही कळत नाही, हा नियम करणाऱ्यांचा समज जरा भाबडाच म्हणायचा. आणि नऊ वर्षांच्या मुलीला खिडकीत उभं करणारे केंद्राध्यक्ष, माझ्या मते, अगदी बरोबर.

सासूबाईंची पाळी आली. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. लेक खिडकीतून ओरडली, "आजी, मी येऊन वाचून दाखवू?" केंद्राध्यक्षांनी मान हलवली. सोबती अठरा वर्षांचा तरी हवा, त्याने मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यायला हवं आणि एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. मला नेता आलं असतं. सासूबाई म्हणाल्या, "नको. चिन्ह ओळखते मी." गेल्या. बराच वेळ बीप आला नाही. बाकावरच्या एका प्रतिनिधीने मान लांब करून पाहिलं. केंद्राध्यक्षांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो पुन्हा टेकून बसला. मग बीप. सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या, चेहऱ्यावर काहीही नाही.

निघताना लेकीने दुसऱ्या टेबलावरच्या बाईंना खिडकीतूनच बोट दाखवून शाई मागितली. "अठरा झाल्यावर ये," त्या म्हणाल्या. रस्त्यात तिचा हिशोब सुरू झाला: पुढची विधानसभा 2029, तेव्हा चौदा. त्याच्या पुढची 2034, तेव्हा एकोणीस. "म्हणजे माझी पहिली निवडणूक एक वर्ष उशिरा येणार?" मध्येच एखादं सरकार पडलं नाही तर, म्हटलं. मग महापालिकेचीही असते, ती कधी, असं विचारल्यावर मी गप्प बसले. आमच्या महापालिकेची मुदत 2023 मध्येच संपली होती आणि निवडणुकीचा पत्ता नव्हता. ते नऊ वर्षांच्या पोरीला कसं समजवायचं?

दुपारी जेवताना तिच्या बाबाने ताटावरून मान न उचलता विचारलं, "आई, कुणाला दिलंस शेवटी?"

सासूबाई भाकरी मोडत राहिल्या. लेकीने आमटीची वाटी खाली ठेवली, वहीचा पुठ्ठा आणला आणि आजीच्या ताटासमोर उभा धरला.

"अगं, आमटीत पडेल तो," आजी म्हणाली.

तिने तो थोडा वर धरला.