काला अंब आणि यमुनेचे पाणी

स्कॉटलंडच्या सरोवरप्रदेशात लॉक कॅट्रीन नावाचे एक लांबट, डोंगरांनी वेढलेले सरोवर आहे. सर वॉल्टर स्कॉट यांचे 'द लेडी ऑफ द लेक' हे काव्य १८१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातील स्थळे पाहण्यासाठी तेथे प्रवाशांची रीघ लागली. आगबोटीतून सरोवराची सफर करण्याची प्रथाही पुढे रूढ झाली. परंतु आज बोटीतून दिसणारे सरोवर हे स्कॉट यांनी पाहिलेले सरोवर नव्हे. १८५९ मध्ये ग्लासगो शहराला या सरोवराचे पाणी मिळू लागले आणि त्या योजनेसाठी पाण्याची पातळी वाढवण्यात आल्यामुळे जुना काठ बुडाला.

ग्रंथात वाचलेले स्थळ पाहावयास जाणाऱ्याने तेथील पाणी कसे बदलले, याचाही विचार केला पाहिजे. पानिपतजवळील काला अंब येथे तर ही गरज अधिकच जाणवते.

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत आहे, आणि तेथून काला अंब अवघ्या काही किलोमीटरवर. दिल्लीहून एका दिवसात जाऊन येता येते. सभोवती सपाट शेते आणि मध्ये स्मारकाचा स्तंभ, एवढेच दृश्य. रणात सांडलेल्या रक्ताने येथील आम्रवृक्ष काळा पडला, अशी लोककथा आहे. तो वृक्ष आता नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या तिसऱ्या लढाईची स्मृती हे स्थळ जपते.

त्या लढाईची दिशा बऱ्याच अंशी यमुनेने ठरवली. १७६० च्या पावसाळ्यात नदीला पूर होता. सदाशिवरावभाऊ पश्चिम काठावर होते, तर अहमदशाह अब्दाली पूर्वेकडील दुआबात. ऑक्टोबरमध्ये मराठ्यांनी उत्तरेकडील कुंजपुरा जिंकले. त्याच महिन्याच्या अखेरीस पाणी ओसरू लागताच अब्दालीने बागपतजवळ उतार शोधून नदी ओलांडली. या ओलांडणीत त्याची काही माणसे वाहून गेली, तरी त्याचे सैन्य मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. परतीचा मार्ग तुटला, रसद आटली आणि पानिपतच्या छावणीत उपासमार सुरू झाली. अखेर उपाशी सैन्याला रणात उतरावे लागले.

आजचा प्रवासी हिवाळ्यात येथे येऊन यमुनेची क्षीण धार पाहतो, तेव्हा एवढीशी नदी दोन सैन्यांना कशी अडवू शकली, असा प्रश्न त्याला पडतो. याचे उत्तर वरच्या अंगाला आहे. हथनीकुंड बंधाऱ्यापाशी नदीचे बहुतेक पाणी पूर्व आणि पश्चिम यमुना कालव्यांत वळवले जाते. हरियाणाची शेती या पाण्यावर पोसली जाते, आणि दिल्लीलाही त्यातील वाटा मिळतो. लॉक कॅट्रीनमध्ये शहरासाठी पाणी चढले. येथे शेतांसाठी आणि शहरासाठी ते उतरले.

म्हणून काला अंबच्या भेटीला यमुनाकाठाची जोड द्यावी, आणि शक्य तर पावसाळ्याच्या अखेरीस जावे. त्या वेळी भरलेले पात्र पाहिले म्हणजे भाऊंच्या छावणीतून दिल्ली किती दूर झाली होती, याची कल्पना येते.