दूध कशात तापवता?

आमचे पाली हे गाव पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात राजगडाच्या पायथ्याशी आहे. गडाचा पाली दरवाजा इतिहासप्रेमींना ठाऊक असतो. त्या दरवाजाला ज्या गावाचे नाव मिळाले, ते गाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात दवाखान्याचा कागद आला की तो वाचण्याचे काम आपोआप माझ्याकडे येते.

मागच्या वर्षी चुलत्यांना कावीळ झाली. गावात कावीळ उतरवून झाली, पथ्य झाले, पण गुण येईना. शेवटी शहरातील एका पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तपासण्यांचे कागद पाहिले आणि औषधे लिहून दिली. पाच मिनिटांत आम्ही बाहेर! औषधाने गुण आला, हे मान्य केले पाहिजे. पण बाहेर आल्यावर चुलते म्हणाले, "त्यांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई गं."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. पोटाचे आणि यकृताचे तज्ज्ञ होण्यासाठी केवढा अभ्यास लागतो! एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, मग एम.डी.ची तीन, त्यानंतर या शाखेच्या डी.एम.ची आणखी तीन. इतके शिकलेल्या माणसाला अडाणी रोग्याकडून कळून घेण्यासारखे काही उरते का? समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी 'आजार आणि समाज' हा विषय घेतला, तेव्हा सरांनी मला आपल्या पुण्यातलेच एक उदाहरण वाचायला दिले. ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम यकृताविषयी थोडेसे. यकृत म्हणजे शरीराचे कोठारही आणि गाळणीही. अन्नातील साखर ते साठवते, पित्त तयार करते, विषारी द्रव्ये निकामी करते. तांबे हा धातू शरीराला अगदी अल्प प्रमाणात लागतो. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या मुलाच्या यकृताला मात्र हे काम अजून नीट जमत नसते.

आपल्या देशात लहान मुलांचा एक भयंकर विकार होता. 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस', म्हणजे भारतीय बालकांमधील यकृतकाठिण्य, असे त्याचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली होती. साधारण सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलाचे पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण लागे, मूल किरकिरे होई, पुढे कावीळ दिसे आणि बहुधा काही महिन्यांत सारे संपे. एकाच घरात एकामागून एक मुले जात. त्यामुळे कोणी आनुवंशिक दोष म्हणे, कोणी विषाणू, कोणी धान्यावरच्या बुरशीचे विष. खेड्यापाड्यांत दोष कुणाच्या माथी येई, हे निराळे सांगायला नको. तो आईच्याच माथी येई.

१९७८-७९ च्या सुमारास अशा मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा असतो, हे स्पष्ट झाले. पण हे तांबे येते कोठून? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी हा प्रश्न हाती घेतला. यंत्रे आणि प्रयोगशाळा त्यांना लागल्याच. परंतु खरा धागा यंत्रात नव्हता. तो मुलांच्या आयांजवळ होता. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापवता? कशात ठेवता? हे प्रश्न त्यांना विचारण्यात आले.

उत्तरांतून दिसले ते असे. आजारी मुलांपैकी बहुतेकांना अगदी लवकर गाईम्हशीचे दूध सुरू झाले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले वा ठेवलेले होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात दूध तापवले वा साठवले की तांबे दुधात उतरते आणि दुधातील प्रथिने ते धरून ठेवतात. आईच्या दुधात हा धोका नाही. या निष्कर्षांचा निबंध १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. पुढे आजारी आणि निरोगी मुलांच्या जोड्या लावून, त्यांना काय पाजले होते याची तुलना केली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेतही हाच फरक दिसला.

येथे मला एक गोष्ट सुचते. पितळेत ताक 'कळकते', हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. म्हणून आंबट पदार्थ कोणी बिनकल्हईच्या भांड्यात ठेवत नसे. दूध आंबट नसते, म्हणून त्याच्याविषयी कुणाच्या मनात शंकाच आली नाही. म्हणजे अर्धे ज्ञान स्वयंपाकघरात होते आणि अर्धे रुग्णालयात. दोन्ही एकत्र यायला कुणीतरी प्रश्न विचारावा लागला.

उपचारही सापडला. पेनिसिलामाइन हे औषध शरीरातील तांब्याला धरते आणि लघवीवाटे बाहेर नेते. रोग फार पुढे जाण्याआधी ते दिले तर काही मुले वाचत, आणि वाचलेली मुले पुढे चांगली वाढली. परंतु त्याहून मोठा उपाय साधा होता: बाळाला अंगावर पाजा आणि वरचे दूध पितळेत तापवू नका. या सल्ल्यासाठी एक पैसाही पडत नाही. पाहता पाहता हा रोग दुर्मीळ झाला. आज बालरोगाच्या विद्यार्थ्याला असा रोगी क्वचितच दिसतो.

सगळे श्रेय सल्ल्याला देणे मात्र बरोबर ठरणार नाही. त्याच काळात घरोघरी स्टील आले होते. शिवाय पितळेतले दूध पिणारी सगळीच मुले आजारी पडत नव्हती; त्यामुळे काही मुलांत जन्मजात दुबळेपणाही असावा, असे अनेक तज्ज्ञ मानतात. ऑस्ट्रियातील तिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात असाच रोग होऊन १३८ बालके दगावल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तेथेही गाईचे दूध तांब्याच्या भांड्यांत तापवत. भांडी बदलली आणि रोग गेला. आल्प्स पर्वतातील आई आणि सह्याद्रीतील आई यांचे दुःख एकच होते म्हणायचे!

हे सारे वाचून सुट्टीत घरी गेले. माझ्या आजीचे पहिले मूल दीड वर्षाचे होऊन गेले होते. ही १९७४ च्या आसपासची गोष्ट. पोट फुगले, डोळे पिवळे झाले, एवढेच ती सांगते. सासरी तिला 'पांढऱ्या पायाची' म्हणत. मी तिला सहज विचारल्यासारखे विचारले, "आजी, बाळाला दूध कशात तापवत होतीस?"

"पितळीच्या पातेल्यात. दुसरं काय व्हतं तवा?"

"कल्हई होती?"

"पावसाळ्यात कल्हईवाला येतोय कुठं?"

पुढे काय बोलावे हे मला सुचेना. जुना दोष काढून तिच्या पदरात नवा दोष टाकणार का मी? ते मूल याच रोगाने गेले, असे आज कुणीच सांगू शकणार नाही. त्या वेळी तपासणीच झाली नव्हती. मी तिला एवढेच सांगितले, की तेव्हा ही गोष्ट मोठमोठ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हती. मग तुला कशी माहीत असणार? तुझ्या पायाचा यात काही संबंध नाही.

आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या डॉक्टरनं मला कायबी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

माझ्या प्रकल्पाचे सार या एका वाक्यात आले आहे, असे मला वाटते. डॉक्टर आणि रोगी यांच्या नात्यात एका बाजूला विद्या असते आणि दुसऱ्या बाजूला जगणे असते. विद्येने विचारले नाही, तर जगणे आपण होऊन बोलत नाही. खेड्यातली बाई तर नाहीच नाही. आणि विचारायचे तेही दोष न देता विचारायचे. 'पितळेत का तापवलेस?' आणि 'कशात तापवतेस?' या दोन प्रश्नांत फार अंतर आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण डॉक्टर होणार नाहीत. कुणी शिक्षक होईल, कुणी ग्रामसेवक, कुणी कचेरीत खिडकीमागे बसेल. समोर एखादी आजी येऊन उभी राहील. तिच्याकडे मान वर करून बघायला आणि एक प्रश्न विचारायला कोणतीही पदवी लागत नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला