स्वस्त नेमकं कोणतं?

ऑनलाइन सेलमध्ये नजर आधी जाते ती सवलतीच्या टक्क्यावर. समजा, कपडे धुण्याच्या पावडरीचं दीड किलोचं पाकीट 300 रुपये एमआरपीवरून 35 टक्के सवलतीत 195 रुपयांना मिळतंय आणि दुसऱ्या कंपनीचं एक किलोचं पाकीट 150 वरून 20 टक्के सवलतीत 120 रुपयांना. टक्के पहिल्याचे जास्त. पण किलोमागे पहिलं 130 रुपयांना पडतं, दुसरं 120 ला. त्यात दुसऱ्यावर 30 रुपये डिलिव्हरी चार्ज लागला, की पहिलंच पुन्हा स्वस्त ठरतं. हा हिशेब अवघड नाही, पण मोबाइलवर वीस-पंचवीस वस्तू चाळताना तो कोणी करत बसत नाही. म्हणून तुलनेचं पान कसं मांडलंय, याला महत्त्व येतं. सगळे चार्ज धरून किलोमागे किंवा लिटरमागे पडणारी किंमत हाच त्या पानाचा पाया असायला हवा.

टक्केवारी हा पाया होऊ शकत नाही, कारण ती कशावरून काढली आहे यावर सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे ती बहुधा एमआरपीवरून काढतात. एमआरपी ही फक्त कमाल मर्यादा आहे. वस्तू कालपर्यंत त्या भावाने विकली जात होती, असा तिचा अर्थ होत नाही. युरोपीय संघात 2022 पासून, किंमत उतरवल्याची जाहिरात करताना आधीच्या किमान 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमतही दाखवावी लागते, ती याचसाठी. मापामागच्या किमतीची तरतूद मात्र आपल्याकडेही आहे. पाकीटबंद मालाच्या नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती होऊन पाकिटावर ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमत छापण्याचं बंधन आलं. पण नुसतं छापून भागत नाही. अमेरिकी संशोधक जे. एडवर्ड रूसो यांच्या 1977 च्या अभ्यासात, सुपरमार्केटमध्ये प्रत्येक वस्तूजवळ अशी किंमत लावल्यावर ग्राहकांचा खर्च 1 टक्का घटला. त्याच किमती एका क्रमवार यादीतही लावल्यावर बचत 3 टक्क्यांवर गेली. आकडे तेच होते, फक्त एकत्र आणि क्रमाने मांडलेले. दुकानदाराला अशी यादी सतत बदलत ठेवणं कटकटीचं. ॲपला ते क्षणाचं काम आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की किंमत म्हणजे सर्वस्व नव्हे, दर्जाचं काय? दर्जा पाहायलाच हवा. पण ग्राहक चांगल्या मालासाठी जास्त पैसे मोजायला तयार असला, तरी किती जास्त मोजतोय हे त्याला कळलं पाहिजे. मोठं पाकीट किलोमागे स्वस्त असलं तरी छोट्या घरात ते वाया जाईल, हा आक्षेपही रास्त आहे; म्हणून हवं ते वजन आधी निवडू द्यावं आणि क्रम त्यानंतर लावावा. माहितीचा भडिमार होईल, ही भीती वाटत असेल तर सारखे गुणधर्म झाकून फक्त फरक दाखवावेत.

सर्वांत वजनदार आक्षेप धंद्याचा आहे. यादीत वरची जागा विकून कमाई होत असताना कंपन्या प्रामाणिक क्रम का लावतील? केवळ सद्भावनेने लावतील, अशी आशा धरू नये. पण कायदा आता गप्प नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार क्रमवारीचे मुख्य निकष ग्राहकाला सांगावे लागतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. शेवटच्या पायरीवर चार्ज उघड करणं, खोटी घाई करणं आणि जाहिरात लपवून दाखवणं या त्यांतल्याच. अर्थात ही मनाई खोटेपणापुरती आहे. तुलना सोपी करून द्या, असं ती सांगत नाही. पुढची पायरी तीच असायला हवी: पिनकोड टाकताच डिलिव्हरीसह मापामागची किंमत दिसावी, तिच्यानुसार क्रम लावण्याची सोय प्रत्येक ॲपवर असावी आणि पैसे देऊन मिळवलेली जागा त्या क्रमाबाहेर राहावी. जाहिरात करायला कोणाची हरकत नाही, पण तिने स्वस्ताईचा आव आणू नये.