भिंग लावा, फोटोवर फोटो चढवा. पण पंचनाम्याला साधाच फोटो द्या

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारखी बसणारी छोटी भिंगं आता तालुक्याच्या दुकानांतही टांगलेली दिसतात. दोन-तीनशे रुपयांत तीन भिंगांचा संच मिळतो. पोरं घेतात, चार दिवस मुंगीचे आणि डोळ्याचे फोटो काढतात, मग तो डबा कपाटात पडतो. दुसरा खेळ दोन फोटो एकमेकांत मिसळायचा. स्टेटसला माणसाच्या सावलीत शेत, बैलाच्या आकारात ढग असले फोटो दिसतात, ते याच पद्धतीचे. हौस म्हणून दोन्ही चांगले. पण शेतकऱ्याच्या घरात पहिल्याचा उपयोग फार मोठा आहे आणि दुसऱ्यात एक धोका आहे, म्हणून दोन्ही नीट समजून घेतलेलं बरं.

आधी भिंग. संचात बहुतेक वेळा एक रुंद दृश्य घेणारं, एक माशाच्या डोळ्यासारखं सगळं गोल दाखवणारं आणि एक बारीक वस्तू मोठी दाखवणारं, म्हणजे मॅक्रो, असतं. पहिली दोन मजेची. खरं कामाचं मॅक्रो.

लावल्यावर फोटो धूसर आला की लोक म्हणतात भिंग भिकार आहे. बऱ्याचदा ते चुकीच्या कॅमेऱ्यावर बसलेलं असतं. आजकाल फोनच्या पाठीवर तीन-तीन डोळे असतात. कॅमेरा चालू करून एकेका डोळ्यावर बोट ठेवा. ज्यावर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळी होते तो चालू कॅमेरा, भिंग त्याच्याच बरोबर मधोमध आलं पाहिजे. काही नव्या फोनमध्ये वस्तू जवळ आली की फोन आपोआप दुसऱ्या डोळ्यावर उडी मारतो. तसं होत असेल तर सेटिंगमधला ऑटो मॅक्रो बंद करा.

दुसरी गोष्ट अंतराची. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाला वस्तू साधारण अडीच सेंटीमीटरवर लागते, म्हणजे जेमतेम दोन बोटं. त्याहून लांब गेलात की सगळं पुसट. स्क्रीनवर बोट टेकवत बसू नका, फोनच अलगद पुढेमागे करा आणि चित्र स्वच्छ झालं की बटण दाबा. वारा असेल तर पान देठाशी डाव्या हाताने धरा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास वारा कमी आणि उजेड तिरपा असतो, तेव्हा पानावरची लवसुद्धा दिसते. सावलीच्या बाजूला वहीचा पांढरा कागद धरला तरी उजेड परततो. तरीही हात हलतोच असं वाटलं तर व्हिडिओ काढा आणि त्यातलं स्वच्छ चित्र थांबवून उचला.

संच घ्यायचा नसेल तर घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग किंवा जुन्या लेसर टॉर्चच्या तोंडातलं बारीक भिंग कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवता येतं. साध्या काचेच्या तुकड्याला कडेने व्हॅसलीन चोळून तो कॅमेऱ्यापुढे धरला, की चेहरा स्वच्छ आणि कडा धुक्यात असा जुन्या स्टुडिओचा फोटो निघतो. व्हॅसलीन काचेलाच लावायचं, कॅमेऱ्याला नाही. काचेचा गोळा पुढे धरून उलटं शेत टिपणारेही आहेत. तो गोळा मात्र उन्हात ठेवून चहाला जाऊ नका. ऊन एका ठिपक्यात गोळा होऊन कडबा पेटतो.

आता शेतातला उपयोग. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात २०१८ साली पहिल्यांदा दिसली. कुठलीही अळी दिसली की तीच समजून फवारणी करणारे आजही आहेत. तिची ओळख दोन खुणांवर होते. डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी फिकट रेघ, आणि शेपटीकडून दुसऱ्या वळीवर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. मोठ्या अळीवर हे नुसत्या डोळ्याला दिसतं, लहानीवर दिसत नाही. आणि औषधाचा खरा उपयोग लहान असतानाच होतो, मोठी अळी पोंग्यात शिरली की तिच्यापर्यंत फवारा पोचतच नाही. कांद्यावरचे फुलकिडे तर मिलिमीटरभर लांबीचे. लाल कोळी त्याहून बारीक, आणि तो कीटकही नाही, कोळ्याच्या जातीचा. कीटकनाशकांतली बरीच औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. पान पिवळं पडलं म्हणून दुकानदाराने दिलेली बाटली मारायची, की आधी पानाची मागची बाजू भिंगातून बघायची, यात एका फवारणीचा खर्च अडकलेला असतो.

कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात फोटो पाठवायचा तर एक पाठवू नका. एक अख्ख्या शेताचा, एक पूर्ण झाडाचा आणि एक भिंगातून किडीचा. शेवटच्यात शेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. भिंगातून सगळी कीड एकदम स्वच्छ येत नाही. डोकं स्पष्ट आलं की शेपूट पुसट. म्हणून दोन-तीन काढा, एक डोक्याचा, एक शेपटाकडचा. हौशी लोक असे दहा-वीस फोटो काढून कॉम्प्युटरवर एकात जोडतात आणि अख्खी माशी कडक स्पष्ट दिसते. ते काम निवांतपणाचं आहे, आपल्याला दोन फोटो पुरतात.

इथून आपण फोटो जोडण्याच्या विद्येत शिरलो. ही मोबाईलने आणलेली नाही. ऑस्कर रेजलँडर नावाच्या छायाचित्रकाराने १८५७ साली इंग्लंडमध्ये तीसपेक्षा जास्त निगेटिव्ह जोडून एकच मोठं चित्र केलं होतं. आपल्याकडे दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस आधी फोटोग्राफर होता. कुंडीत वाटाणा लावून रोज थोडंथोडं चित्रण करत त्यांनी 'अंकुराची वाढ' हा छोटा पट १९१२ मध्ये केला, आणि तो दाखवूनच 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा केला. पुढे पौराणिक चित्रपटांतले चमत्कार त्यांनी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून दाखवले. आपल्या पिढीने हीच विद्या लग्नाच्या कॅसेटमध्ये पाहिली, गुलाबाच्या फुलात नवरीचं तोंड! तेव्हा त्याला मिक्सिंग म्हणायचे आणि त्याचे पैसे वेगळे लागायचे.

आता स्नॅपसीड हे फुकटचं ॲप पुरे. त्यात डबल एक्सपोजर नावाचं साधन आहे. पहिला फोटो उघडायचा, साधनात जाऊन दुसरा त्यावर घ्यायचा, मग मिसळायची पद्धत निवडायची. लोक इथे चुकतात, कारण सगळ्या पद्धती दाबून बघतात आणि काय झालं ते कळत नाही. दोनच लक्षात ठेवा. लाइटन म्हटलं की प्रत्येक जागी दोन फोटोंपैकी जो उजळ असेल तो दिसतो. डार्कन म्हटलं की जो गडद असेल तो.

म्हणजे समजा संध्याकाळी बांधावर बैलजोडी उभी आहे, मागे उजळ आभाळ, बैल काळे दिसतात. त्यावर लाइटनने नांगरटीच्या सऱ्यांचा फोटो चढवला, तर आभाळ उजळ असल्यामुळे तिथे आभाळच राहील आणि बैलांच्या काळ्या अंगात सऱ्या उमटतील. पहिला फोटो जितका काळा-पांढरा, तितकं काम स्वच्छ. भर दुपारच्या, सगळं सारखं उजळ असलेल्या फोटोवर ही करामत चालत नाही, नुसता चिखल होतो.

धोका इथेच आहे. बातमीच्या फोटोत हे चालत नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस टाइम्सचा छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की याने २००३ च्या इराक युद्धात दोन खरे फोटो जोडून एक जास्त परिणामकारक फोटो केला. दोन्ही क्षण खरेच होते, तरी नोकरी गेली. आपल्याकडे अतिवृष्टीत गटागटांवर फिरणाऱ्या फोटोंत कुणी शेजारच्या रानातलं पाणी आपल्या सोयाबीनवर चढवतो, कुणी आभाळ जास्त काळं करतो. नुकसान खरं असतं, पण जोड लक्षात आली की त्या माणसाचा अर्जच संशयात येतो, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या गावातल्या दहा जणांकडेही अधिकारी त्याच नजरेने बघतो. बाईमाणसाच्या फोटोवर अश्लील जोडकाम करून ते मोबाईलवर पसरवलं तर तो आयटी कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, गंमत म्हणून सुटका होत नाही.

त्यामुळे पंचनामा, विमा, ई-पीक पाहणी यांच्या वेळी भिंगाचा चिमटा आधी काढून ठेवा, कॅमेरा धोतराने किंवा रुमालाने पुसा आणि साधा फोटो काढा. फोनचं लोकेशन चालू असू द्या. हौसेचा फोटो करताना मूळ फोटोची प्रत घेऊन तिच्यावरच काम करा, मूळ फाईलला हात लावू नका. आणि कृषी कार्यालयाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, किडीचे ठिपके पुसतात आणि फोटो कधी, कुठे काढला ही आतली माहितीही निघून जाते. डॉक्युमेंट केला की जसाच्या तसा जातो.