जुन्या इमारतीची शाकारणी

पावसाळा जवळ आला की आपण काय करतो? घरावर चढतो. फुटकी कौलं काढून नवी घालतो. एखादा वासा कुजला असेल, त्याला वाळवी लागली असेल, तर तो बदलतो. यालाच आपण शाकारणी म्हणतो. शाकारणीत दोन-चार दिवस मोडतात. थोडा पैसाही जातो. पण ती चुकवली तर पाणी भिंतीत मुरतं आणि घर खचतं.

शहरातल्या इमारतीचंही तसंच आहे. फरक इतकाच, की तिथं एका छपराखाली पन्नास-पन्नास बिऱ्हाडं राहतात. मग शाकारणी कोणी करायची? पैसा कोणी द्यायचा? हे ठरवायला कायदा लागतो.

हे सांगायला एक कारण घडलं. आमच्या गावचे एक शेतकरी मे महिन्यात माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा मुंबईत जुन्या चाळीत राहतो. चाळीच्या दारावर नोटीस लागली होती. मुलाने तिचा फोटो मोबाइलवर पाठवला होता. ते म्हणाले, "गुरुजी, यात सी-१ असं लिहिलंय. म्हणजे काय? पोरगा म्हणतो, खोली सोडली तर ती गेलीच. म्हणून कोणी हलत नाही."

आम्ही दोघांनी ती नोटीस अक्षर लावून वाचली. तिच्यातून जे समजलं आणि पुढे मी जे वाचून काढलं, ते इथे देतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं शहरात आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल.

इमारत म्हातारी कशी होते?

जुन्या चाळींत लाकडी खांब आणि तुळया असतात. मोरीचं पाणी झिरपतं, लाकूड आतून कुजतं. वरून रंग दिला की काही दिसत नाही. नव्या इमारतींत सिमेंटच्या पोटात लोखंडी सळया असतात. पाणी आत गेलं की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि सिमेंटला तडा पाडते. त्या तड्यातून आणखी पाणी आत जाते. गिलाव्याचे पोपडे पडू लागले, दार चौकटीत अडकू लागलं, खांबाला उभी चीर गेली, तर समजावं की इमारत आपल्याला काही सांगते आहे.

दुरुस्तीचा पैसा कोणाचा?

मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधली गेली. त्यामुळे गरीब भाडेकरू वाचला, हे खरे. पण तेवढ्या भाड्यात दुरुस्ती होईना, म्हणून मालकांनी हात आखडला. इमारती पडू लागल्या. तेव्हा १९६९ साली सरकारने दुरुस्तीचा कायदा केला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला. तो घरपट्टीबरोबर गोळा होतो आणि त्यातून सरकारी मंडळ दुरुस्ती करते. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या इमारती यात येतात. आता हे मंडळ म्हाडाच्या हाताखाली आहे.

जिथे रहिवाशांची सहकारी सोसायटी आहे, तिथे पैसा त्यांनीच साठवायचा असतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींत त्याचे माप दिले आहे. बांधकामाच्या खर्चावर दर साल शेकडा पाऊण रुपया दुरुस्तीसाठी आणि शेकडा पाव रुपया मोठ्या कामाच्या निधीसाठी. एका घराच्या बांधकामाला दहा लाख खर्च आला असेल, तर वर्षाला ७,५०० रुपये आणि २,५०० रुपये. दोन्ही मिळून महिन्याला साडेआठशेच्या आत. हे कमीत कमी माप झाले. हा पैसा देताना जड वाटतो. पण न दिलेला पैसा वाचत नाही, तो पुढे दसपटीने द्यावा लागतो.

तपासणी कशी होते?

मुंबई महापालिकेच्या कायद्यात कलम ३५३-ब आहे. इमारतीला ३० वर्षे झाली की मालकाने किंवा राहणाऱ्यांनी ती नोंदणी झालेल्या इंजिनियरकडून तपासून घ्यावी आणि ती मजबूत असल्याचा दाखला महापालिकेला द्यावा. इंजिनियरने सांगितलेली दुरुस्ती करावी. न केल्यास दंड आहे. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी व्हावी.

इंजिनियर हातोडीसारख्या यंत्राने ठोका देऊन सिमेंटचा कठीणपणा पाहतो. यंत्रातून ध्वनिलहरी सोडून आत पोकळी आहे का ते पाहतो. कधी भोक पाडून तुकडा काढतो आणि प्रयोगशाळेत तपासतो. आपण कलिंगड ठोकून पाहतो ना, तसेच; फक्त इथे अंदाजाऐवजी आकडा मिळतो.

मग इमारतीचा वर्ग ठरतो. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२ ब म्हणजे माणसे न हलवता मोठी दुरुस्ती. सी-२ अ म्हणजे माणसे हलवून दुरुस्ती किंवा काही भाग पाडणे. आणि सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य. ताबडतोब रिकामी करून पाडावयाची.

नुसता कागद मात्र घराला टेकू देत नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळ खुद्द महापालिकेचीच इमारत पडली आणि ६१ माणसे गेली. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला इमारत पडून १७ माणसे गेली. तिथे तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालले होते. म्हणून ध्यानात ठेवा, इंजिनियरला विचारल्याशिवाय भिंतीला वा खांबाला हात लावू नये. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला भेंडीबाजारात शंभर वर्षांहून जुनी इमारत कोसळली. ३३ माणसे दगावली. काही बिऱ्हाडं आधीच हलली होती, ती वाचली.

खोली सोडली तर जाते का?

लोक का हलत नाहीत? संक्रमण शिबिर लांब असतं. काहींची तिथं वर्षांमागून वर्षं गेली. ही भीती खोटी नाही. पण इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आहे. इमारत रिकामी करण्याआधी भाडेकरूंची यादी व्हावी आणि प्रत्येकाच्या जागेचे माप लिहावे, अशीही रीत ठरली आहे. तो कागद जपावा. भाड्याच्या पावत्या, विजेचं बिल, रेशनकार्ड हे एका पिशवीत ठेवावे.

पंधरा दिवसांनी ते शेतकरी पुन्हा आले. आता मुलाने भाडेकरूंच्या यादीचा फोटो पाठवला होता. ती यादी त्यांनी आधीच घरी स्वतः वाचली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना सही करता येत नव्हती. ते म्हणाले, "गुरुजी, पोराचं नाव बरोबर आहे. पण मापाचा रकाना कोरा आहे." मी पाहिलं. खरंच कोरा होता. मुलाने तो भरून घेतला, पोचपावती घेतली आणि पहिल्या पावसाआधी बिऱ्हाड हलवलं.

खोली पुन्हा कधी मिळेल, हे आज सांगता येत नाही. पण पावसाची सर आली की त्या घरातली आई आता रात्री उठून बसत नाही.

आपल्या मुलाला आज एवढंच विचारा: तुझी इमारत किती वर्षांची? शेवटची तपासणी कधी झाली? दाखला कुठं आहे?