दोष मेमरीचा, शिक्षा मदरबोर्डला!

बंगळुरूच्या मारतहळ्ळी भागात आयटीच्या नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. तयार कॉम्प्युटर घेण्याऐवजी जुन्या पेठेतल्या एसपी रोडवर जायचं, सुटे भाग पारखून आणायचे आणि घरीच जोडायचे, ही अशा घरांतल्या अनेकांची हौस. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तसा बंगळुरूकरांना हा एसपी रोड.

मात्र हौसेने जोडलेला कॉम्प्युटर एक दिवस मध्येच बंद पडू लागतो, पडदा निळा होतो आणि घरात तर्कवितर्क सुरू होतात. कुणी व्हायरस म्हणतं, कुणी म्हणतं मदरबोर्ड गेला! पण बरेचदा गुन्हेगार असते वीतभरही लांब नसलेली मेमरीची पट्टी, म्हणजेच रॅम.

गळके कप्पे

हार्डडिस्क हे घरातलं कपाट मानलं, तर रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम करायचं तर सामान ओट्यावर काढावंच लागतं. आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली. तिच्यात अगणित सूक्ष्म कप्पे असतात. कप्प्यात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा भार सतत गळतो, म्हणून तो सेकंदाला अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. कप्पा बिघडला की १ चा ० होतो, आणि तेही गुपचूप.

एका आकड्याने काय होतं? बेल्जियममधल्या शार्बेक इथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला मतदान यंत्राने ४०९६ मतं जादा दाखवली. ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात. मेमरीतला एकच ० आपोआप १ झाला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. तुमच्या घरी हीच चूक मुलाच्या बारशाचा फोटो कॉपी होताना घडली, तर तो फोटो कायमचा बिघडू शकतो. म्हणून मेमरीचा संशय आला की त्या यंत्रावर फाइली हलवू नका, विंडोजही नव्याने टाकू नका. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि महत्त्वाचं ते आधी वाचवा.

तपास असा करा

१. पडद्यावर काहीच न येता बीप वाजत असतील, तर मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्यांचा अर्थ पाहा. नव्या डीडीआर५ मेमरीला मात्र पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं लागू शकतात. घाईने बटण दाबू नका.

२. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि मगच पट्टी काढा. खाचेतली धूळ झटका. पट्टी पुन्हा बसवताना क्लिपचा 'टक्' असा आवाज आला पाहिजे.

३. एकच पट्टी ठेवून कॉम्प्युटर चालवा, मग दुसरी. बिघाड पट्टीबरोबर फिरला तर दोष पट्टीचा. पट्टी कुठलीही असो, बिघाड ठराविक खाचेतच होत असेल, तर दोष खाचेचा किंवा त्यापलीकडचा.

४. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमध्ये मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम घ्या आणि तो रात्रभर चालू द्या. एकही चूक दिसता कामा नये.

५. चुका दिसल्या तरी पट्टी लगेच फेकू नका. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा. पाकिटावर छापलेला वेग बहुधा या सोयीमुळेच मिळतो, आणि तो प्रत्येक यंत्राला झेपतोच असं नाही. वेग उतरवल्यावर चुका थांबल्या, तर पट्टी धडधाकट असण्याची शक्यता आहे. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन पट्ट्यांचंही कधी कधी जमत नाही.

खिशाचा विचार

ही तपासणी फुकट होते, पण न करता केलेली खरेदी महागात पडते. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या, कारण एआयच्या डेटा सेंटरांची मागणी प्रचंड वाढली होती. अनेक कंपन्या मेमरीवर दीर्घ मुदतीची हमी देतात, त्यामुळे बिल जपून ठेवा. नवी पट्टी घेताना डीडीआर३, ४ की ५ ते आधी पाहा. तिघींच्या खाचा वेगळ्या असतात, एक दुसरीच्या जागी बसत नाही.

आणि मेमरी निर्दोष ठरली, तर मग पॉवर सप्लायकडे, मदरबोर्डकडे वळा. पण क्रम हाच ठेवा : आधी स्वस्त तपास, मग महाग दुरुस्ती.