बेगमी ध्रुवीय प्राणिप्लवकांची

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मिरगाच्या आधी घरोघर एक काम ठरलेले असते. जळण आणि शेणी आडोशाला रचायच्या, डाळी-कडधान्यांना ऊन दाखवून डबे भरायचे, सांडगे-पापड करून ठेवायचे. याला आपण बेगमी म्हणतो. ध्रुवीय समुद्रातील इवल्याशा प्राण्यांच्या चरबीविषयी लिहिताना मला हाच शब्द सर्वांत उपयोगी वाटतो. ‘मेदसंचय’ हा शब्द अचूक आहे. पण साठा का केला आणि तो कधी उपयोगी पडणार, हे त्यातून कळत नाही. बेगमीत ते आधीच आलेले असते.

पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या लहान प्राण्यांना प्राणिप्लवक म्हणतात. त्यांतला मोठा गट कोपेपॉडांचा. वल्ह्यासारखे पाय असलेला, असा या ग्रीक नावाचा अर्थ. हा प्राणी आपल्याला अगदी परका नाही. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी फडक्याने गाळून प्यावे, असे नारूच्या भीतीने सांगितले जाई. नारूची अळी ज्याच्या पोटातून माणसात येई, तो सायक्लॉप्स कोपेपॉडच. उत्तर कर्नाटक आणि महाराष्ट्रातही नारू होता. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. या सायक्लॉप्सचा दूरचा भाऊबंद कॅलॅनस उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात राहतो.

तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. उजेड नाही, म्हणून सूक्ष्म शैवाल वाढत नाही. शैवाल नाही, म्हणून कॅलॅनसला खायला नाही. वसंतात उजेड येतो, बर्फ वितळू लागते आणि शैवालाला एकदम बहर येतो. हा सुगीचा काळ थोडाच असतो. तेवढ्यात कॅलॅनस भरपूर खातो आणि खाल्लेल्याचे तेल करून साठवतो. त्याच्या पारदर्शक शरीरात ही तेलाची लांबट पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. तांदळाच्या दाण्याएवढ्या या जीवाच्या कोरड्या वजनात निम्म्याहून अधिक भाग तेलाचा असू शकतो.

हे तेल आपल्या शेंगतेलासारखे नसते. शेंगतेलात ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. कॅलॅनसच्या तेलात एक मेदाम्ल आणि एक लांब साखळीचे अल्कोहोल यांची जोडी असते; रसायनदृष्ट्या ते मेण ठरते. होहोबाच्या बियांचे तेलही याच जातीचे. शेंगतेलासारखी चरबी रोजच्या खर्चाला लवकर वापरली जाते, तर मेण लांबच्या मुदतीसाठी राखले जाते. रोजच्या वापराचा डबा वेगळा आणि कणगी वेगळी, तसेच हे.

साठा पुरेसा झाला की कॅलॅनस उन्हाळ्याच्या शेवटी खोल पाण्यात उतरतो, काही ठिकाणी हजार मीटरच्याही खाली. तिथे तो खाणे थांबवतो, हालचाल जवळजवळ बंद करतो आणि शरीराचा खर्च अगदी कमी करतो. वर भक्षक अधिक, खाली कमी. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने तो वर यायला हवा. पण थंडीने आणि दाबाने हे मेण समुद्राच्या पाण्यापेक्षा अधिक आकसते, त्यामुळे खोलवर त्याला फारसे श्रम न करता तरंगत राहता येते. कॅलॅनस हायपरबोरियस या मोठ्या जातीची मादी तर काही न खाता, केवळ साठ्याच्या जोरावर, खोल पाण्यात हिवाळ्यातच अंडी घालते.

सगळ्यांची रीत मात्र एक नाही. दक्षिण ध्रुवाभोवतीचे मोठे क्रिल असे खोल जाऊन निजत नाही. ते शेंगतेलासारखी चरबी साठवते, हिवाळ्यात शरीराचा खर्च घटवते, बर्फाखाली मिळेल ते खाते आणि उपासमार लांबली तर आकारानेही लहान होते.

या तेलावर बरेच काही उभे आहे. ध्रुवीय कॉड मासा, लिटल ऑक हा छोटा पक्षी, बोहेड देवमासा यांचे पोषण त्यातून होते. शिवाय खोलवर उतरलेले कोपेपॉड हे तेल तिथेच जाळतात. त्यातला कार्बन हवेशी लवकर संपर्क न येणाऱ्या पाण्यात राहतो. आता उत्तरेचा समुद्र तापतो आहे. स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डमध्ये अटलांटिकचे उबदार पाणी शिरते, आणि त्याबरोबर कॅलॅनसची लहान, कमी तेलाची जात येते. पक्ष्याला तेवढेच पोषण मिळवायला अधिक शिकार करावी लागते. याच फ्योर्डच्या काठी २००८ पासून भारताचे हिमाद्री हे केंद्र आहे, आणि २०१४ साली तिथल्या पाण्यात भारताने तापमान व क्षारता मोजणारी उपकरणे नांगरून ठेवली. हे काम पाहणारी संस्था गोव्यात वास्कोला, म्हणजे बेळगावाहून घाट उतरला की काही तासांवर आहे.

सीमाभागात मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या मुलापर्यंत हे पोहोचवायचे तर सगळेच शब्द नवे घडवावे लागत नाहीत. कोपेपॉड, क्रिल ही नावे तशीच घ्यावीत. प्राणिप्लवक, मेदाम्ल हे शब्द रुळले आहेतच. सुगी, कणगी, बेगमी हे शब्द त्याच्या घरात आहेत. ते पाठ्यपुस्तकात आले, तर कारण आणि परिणाम यांची साखळी त्याला व्याख्या पाठ न करताही समजेल.